ड्राय स्प्रिंकलरच्या पाइपात नायट्रोजन किती दाबाने ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा. तळोज्याला फ्रोझन मालाचं कोल्ड स्टोअर आहे, खोलीचं तापमान उणे २५ अंश. वर ड्राय पाइप स्प्रिंकलर (पाइपात एरवी पाणी नसतं, दाबाखालचा वायू असतो; दाब उतरला की व्हॉल्व्ह उघडून पाणी येतं), डिफरन्शियल व्हॉल्व्ह. गेल्या वर्षी जुना कॉम्प्रेसर काढून नायट्रोजन जनरेटर बसवला, त्याला हवा प्लांटच्या लाइनमधून दिली आहे. फायरचा कंत्राटदार म्हणतो दाब ३.५ किलो ठेवा, जनरेटरवाले म्हणतात १.५ पुरे. आणि रोज पहाटे लो-प्रेशरचा अलार्म वाजतो. कुणाचं ऐकायचं?

दोघांपैकी कुणाचंच नाही. आधी व्हॉल्व्हचं ऐका. पंचवीसेक वर्षं मी हेच काम करतो आहे, आणि पाइपातला दाब लोक घरातल्या एसीच्या तापमानासारखा ठरवतात हे मला अजूनही खटकतं. हा आकडा आवडीचा नाही. तो तुमच्या पाण्याच्या दाबातून आणि व्हॉल्व्हच्या बांधणीतून निघतो. पाइपात हवा असो की नायट्रोजन, हिशोब तोच राहतो.

डिफरन्शियल व्हॉल्व्हमध्ये क्लॅपरच्या, म्हणजे आतल्या झडपेच्या, खालून पाणी ढकलतं आणि वरून वायू दाबतो. वायूच्या बाजूचं क्षेत्रफळ मोठं असतं, म्हणून थोडा वायू बऱ्याच पाण्याला अडवू शकतो. बहुतेक व्हॉल्व्हमध्ये हे प्रमाण साधारण साडेपाचास एक असतं; तुमच्या व्हॉल्व्हचं नेमकं प्रमाण उत्पादकाच्या पत्रकात मिळेल. समजा पाण्याचा दाब जास्तीत जास्त ८ किलो जातो. (साइटवर आपण किलो म्हणतो तो किलो प्रति चौरस सेंटिमीटर, बारच्या जवळपासच, आणि पीएसआयमध्ये १४.२.) ८ भागिले ५.५ म्हणजे सुमारे १.४५. वायूचा दाब १.४५ वर उतरला की क्लॅपर उघडणार. याला ट्रिप प्रेशर म्हणायचं. एनएफपीए १३ (स्प्रिंकलर बसवण्याचं अमेरिकन मानक) सांगतं की उत्पादकाच्या पत्रकातला दाब ठेवा, नाहीतर ट्रिप प्रेशरच्या वर २० पीएसआय, म्हणजे १.४ किलो ठेवा. म्हणजे तुमचा आकडा २.८५ च्या आसपास येतो.

आता जनरेटरवाल्यांचा १.५ बघा. तो तुमच्या ट्रिप प्रेशरला अगदी चिकटून आहे. तो आकडा त्यांनी बहुधा लॅचवाल्या, कमी वायूवर चालणाऱ्या व्हॉल्व्हसाठी किंवा डबल इंटरलॉक प्री-अॅक्शनसाठी (आगीचा डिटेक्टर आणि वायूचा दाब दोन्हींनी इशारा दिल्यावरच पाणी सोडणारी सिस्टिम) वापरला असेल. लॅचवाल्या व्हॉल्व्हमध्ये क्लॅपरला यांत्रिक खिट्टी धरून ठेवते आणि वायू फक्त छोट्या अॅक्च्युएटरला लागतो, त्यामुळे काही मॉडेलना १३ पीएसआय, म्हणजे एक किलोच्या आतबाहेर दाबही पुरतो. तिथे १.५ बरोबर आहे. तुमच्या व्हॉल्व्हवर तो धोकादायक आहे. आज जर १.५ वर सेटिंग असेल तर हे वाचून झाल्यावर पहिलं काम ते बदलण्याचं करा.

भागाकारात पाण्याचा कोणता दाब घ्यायचा, इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. लोक सकाळी राइजरवरचं (उभ्या मुख्य पाइपावरचं) गेज बघतात, ६.५ दिसतं, तेच धरतात. पण जॉकी पंप (लाइनचा दाब टिकवणारा छोटा पंप) कट-आउट होतो, म्हणजे बंद होतो, तेव्हा काय दिसतं? मेन पंप चाचणीसाठी चालवला आणि पाणी कुठेच जात नसेल, तेव्हा काय दिसतं? एनएफपीए २० प्रमाणे फायर पंपाचा शट-ऑफ दाब रेटेड दाबाच्या १४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ७ किलोचा पंप ९.८ दाखवू शकतो. व्हॉल्व्हच्या खालच्या गेजसमोर एक माणूस उभा करा, दुसऱ्याला पंपरूममध्ये पाठवा, जॉकी आणि मेन दोन्ही चालवून सुई कुठपर्यंत चढते ते लिहून घ्या. भागाकार त्या आकड्याचा करायचा.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतो, तर एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. एका फ्रीझरवर पाणी ६ किलोचं धरून वायू २.४ वर ठेवला होता; तेव्हा ते ठीकच होतं. पुढे शेजारी नवीन इमारत झाली, हायड्रंटसाठी पंप बदलला, जॉकीचं सेटिंग चढवलं. ड्राय व्हॉल्व्हकडे कुणी बघितलं नाही. वायू हळूहळू गळत होता, अलार्म सारखा वाजतो म्हणून तो पॅनेलवर बंद करून ठेवलेला. एका सकाळी पंपाची साप्ताहिक चाचणी सुरू झाली तेव्हा वायू १.९ वर होता आणि पाणी साडेदहाला गेलं. १०.५ भागिले ५.५ म्हणजे १.९. व्हॉल्व्ह उघडला. आग नाही, एकही स्प्रिंकलर फुटलेला नाही, आणि उणे २२ अंशांच्या खोलीतल्या पाइपांत पाणी. मी पोचलो तेव्हा ब्रँच पाइपांवर हातोडीने टकटक केलं की भरीव लोखंडासारखा बद्द आवाज येत होता. कपलिंगं एकेक सोडवून पाइप खाली उतरवले, बाहेर उन्हात आडवे ठेवले, आणि त्यांच्या तोंडातून बर्फाचे दांडके सरकत बाहेर येत होते. खोली अनेक दिवस बंद, माल दुसरीकडे हलवावा लागला. तेवढे दिवस त्या इमारतीला स्प्रिंकलरच नव्हते.

मग कंत्राटदार म्हणतो तसं ३.५ ठेवून मोकळं का होऊ नये? कारण प्रत्येक जादा किलो आगीच्या वेळी सेकंद खातो. स्प्रिंकलर फुटल्यावर पाइपातला वायू त्या एका भोकातून बाहेर जायला हवा, दाब १.४५ वर यायला हवा, तेव्हा पाणी निघणार. या दाबाला वायू भोकातून आपल्या कमाल वेगाने जात असतो आणि दाब घातांकी पद्धतीने उतरतो, म्हणून लागणारा वेळ सुरुवातीच्या आणि ट्रिपच्या निरपेक्ष दाबाच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमवर ठरतो. तुमच्या आकड्यांवर हिशोब केला तर २.९ वरून ट्रिप व्हायला २० सेकंद लागत असतील तर ३.५ वरून २६ आणि ४.५ वरून जवळपास ३५ सेकंद लागतील. त्यात पाण्याला राइजरपासून शेवटच्या टोकापर्यंत जायचा वेळ मिळवा, आणि उरलेला वायूही त्या पाण्याला वाटेत अडवत असतोच. मोठ्या सिस्टिमला तपासणीच्या टोकाला पाणी ६० सेकंदांत पोचायला हवं. कोल्ड स्टोअरमध्ये रॅक उंच, भिंती-छत फोमच्या पॅनेलचे. तिथल्या आगीत दहा सेकंद फार मोठे असतात.

काही जणांचा समज असतो की नायट्रोजन हलका, म्हणून व्हॉल्व्ह लवकर ट्रिप होतो. हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. वेळेत मोजण्याइतका फरक पडत नाही. नायट्रोजनचा फायदा गंज आणि बर्फ कमी होण्याचा आहे, त्याकडे खाली येतो.

तर तुमच्या साइटसाठी, पाणी ८ च्या वर जात नाही असं मोजून खात्री झाली तर, मी दाबांची उतरंड अशी लावेन. जनरेटरचा कट-इन (भरणं सुरू) २.८५, कट-आउट (भरणं बंद) ३.१. लो अलार्म २.३ वर, म्हणजे ट्रिपच्या आधी धावपळीला जागा राहते आणि नेहमीच्या कट-इनच्या खाली अर्ध्या किलोहून जास्त अंतर पडतं. हाय अलार्म ३.४. रिलीफ व्हॉल्व्ह कमाल दाबाच्या वर १० पीएसआय, म्हणजे ३.८. हे पाचही आकडे व्हॉल्व्हरूमच्या भिंतीवर, गेजच्या शेजारी, ऑइल पेंटने लिहून ठेवा. कागद चिकटवला तर दमटपणाने सहा महिन्यांत निघतो. पाणी ८ च्या वर जात असेल तर सगळी उतरंड त्या प्रमाणात वर सरकेल.

आता पहाटेचा अलार्म. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट सहज येऊन गेली आहे: जनरेटरला हवा प्लांटच्या लाइनमधून आहे. रात्रपाळीत प्लांटचा कॉम्प्रेसर बंद करता का? माझा पहिला संशय तिथे आहे. रात्री दहाला कॉम्प्रेसर बंद झाला की जनरेटर उपाशी राहतो. पाइपातली गळती चालू, शुद्धतेसाठी लावलेला पर्ज व्हेंट (आतला ऑक्सिजन हळूहळू बाहेर सोडणारं तोंड) चालू, आणि भरणारं कुणी नाही. पहाटेपर्यंत सुई अलार्मवर येते, सकाळी पहिली पाळी कॉम्प्रेसर सुरू करते, अलार्म आपोआप जातो आणि सगळे विसरतात. असं निघालं तर जनरेटरला स्वतंत्र कॉम्प्रेसर द्या, किंवा त्या लाइनचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून कुलूप लावा आणि चोवीस तास हवा राहील अशी सोय करा. आगीच्या यंत्रणेचा वायू उत्पादनाच्या पाळ्यांवर अवलंबून ठेवू नये.

कॉम्प्रेसर रात्रभर चालूच असतो असं निघालं, तर गळती मोजा. एका रात्री पर्ज व्हेंट आणि नायट्रोजनचा पुरवठा दोन्ही बंद करा, माणूस जागा ठेवा, आणि दर तासाला गेज वाचून वहीत लिहा. २.४ च्या खाली जाऊ देऊ नका. नव्या सिस्टिमला ४० पीएसआयवर २४ तासांत दीड पीएसआयहून जास्त उतार चालत नाही. जुन्या सिस्टिमच्या तीन वर्षांनी करायच्या चाचणीत २ तासांत ३ पीएसआयपर्यंत सूट आहे. ही सूट ऐकायला किरकोळ वाटते. २,००० लिटर पाइप धरा. नव्याच्या मर्यादेवर गळती असेल तर दिवसाला साधारण २०० लिटर वायू जाईल, ७ घनमीटरचं एक सिलिंडर महिनाभर पुरेल. जुन्याच्या मर्यादेवर गळती असेल तर दिवसाला ५ घनमीटर, म्हणजे दीड दिवसाला सिलिंडर. नायट्रोजनवर चालणाऱ्या सिस्टिमने स्वतःला नव्याच्याच मापाने मोजावं असं माझं ठाम मत आहे. गळती शोधायची सोडून मोठा जनरेटर घेतलेला मी पाहिला आहे. पैसा गेला आणि गळती तशीच राहिली.

मोजताना तापमान विसरू नका. ४० पीएसआयच्या चाचणीत पाइप ८ अंशांनी थंड झाला तरी दाब जवळपास दीड पीएसआयने उतरतो, म्हणजे सगळी परवानगी तापमानानेच खाऊन टाकली. पत्र्याच्या शेडखाली दुपारी तीन ते पहाटे पाच या वेळात फरक याहून जास्त असतो. म्हणून दोन्ही वाचनं एकाच वेळेची घ्या, आज सकाळी सात ते उद्या सकाळी सात.

फ्रीझरमध्ये हाच हिशोब मोठा होतो. खोली ३० अंशांवर असताना पाइप २.९ वर भरला आणि मग खोली उणे २५ वर उतरवली, तर काहीही न गळता दाब २.२ वर येतो. हिशोब निरपेक्ष दाबावर करायचा: २.९ मध्ये वातावरणाचा १ मिळवून ३.९, गुणिले २४८ भागिले ३०३, बरोबर ३.२, त्यातून परत १ वजा. म्हणजे लो अलार्मच्याही खाली. एका नव्या स्टोअरवर पुल-डाउननंतर, म्हणजे खोली थंड करत नेल्यावर, तिसऱ्या दिवशी अलार्म वाजला आणि चार फिटर दोन रात्री साबणाचं पाणी घेऊन शिडीवर चढले. उणे २० ला साबणाचं पाणी फुगे धरत नाही, पाइपावर पांढरा थर होऊन बसतं. गळती नव्हतीच. खोली थंड होत जाईल तसा वायू भरत जा, आणि साबणाची सगळी तपासणी खोली गरम असतानाच उरकून घ्या. नंतर शोधायची वेळ आली तर कमी तापमानाचं खास द्रावण किंवा अल्ट्रासोनिक यंत्र वापरा. उलट बाजूही ध्यानात ठेवा: देखभालीसाठी खोली बंद करून गरम केली की तोच २.९ चढून ३.७५ होतो, हाय अलार्म वाजतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह सुटायच्या बेतात येतो. गरम करण्याआधी नायट्रोजन थोडा सोडा.

जनरेटरच्या पुढचा भागही बघून घ्या. प्रत्येक सिस्टिमला स्वतःचं एअर मेन्टेनन्स डिव्हाइस (पाइपातला दाब आपोआप राखणारं उपकरण) हवं, आणि त्यात १.६ मिलिमीटरचं बारीक भोक असतं ते मुद्दाम असतं. स्प्रिंकलरचं भोक १२.७ मिलिमीटर धरलं तरी क्षेत्रफळ ६३ पट होतं; पुरवठा ७ किलोने असला तरी बारीक भोकातून येणारा वायू स्प्रिंकलरमधून जाणाऱ्याच्या तिसाव्या भागाइतका. म्हणून आगीच्या वेळी पुरवठा दाब टिकवून धरू शकत नाही. पण शेजारीच पहिल्यांदा लवकर भरण्यासाठी बायपास असतो, आणि तो उघडा राहिला तर ही सगळी रचना निकामी. पाणी पोचायला उशीर का होतो म्हणून मला जेव्हा बोलावतात तेव्हा मी सगळ्यात आधी हा बायपास चाचपतो. अर्ध्या इंचाचा बॉल व्हॉल्व्ह, हँडल पाइपाच्या दिशेत. भरून झालं की हँडल काढून खिशात घालणारा एक जुना फिटर माझ्याबरोबर होता. ती पद्धत मी पुढे सगळीकडे लावली.

सिलिंडरवर चालवत असाल, किंवा जनरेटर बंद पडल्यावर सिलिंडर लावत असाल, तर दोन टप्प्यांचा रेग्युलेटरच घ्या. एका टप्प्याच्या रेग्युलेटरमध्ये सिलिंडर १५० किलो दाबावरून रिकामं होत जातं तसा बाहेरचा दाब आपोआप चढतो, आणि त्याची सीट खराब झाली तर रात्रीतून पाइप फुगतो. रिलीफ व्हॉल्व्ह तेव्हाच कामाला येतो. तो वर्षातून एकदा हाताने सोडून बघा.

शुद्धतेबद्दल. गंज थांबवायचा असेल तर ९८ टक्के नायट्रोजन हवा. रिकाम्या पाइपात हवा असते, तिच्यावर नायट्रोजन भरून २.८५ केलं तरी आत ऑक्सिजन साडेपाच टक्के राहतो, म्हणजे नायट्रोजन साडेचौऱ्याण्णवच. एकदा पूर्ण सोडून दुसऱ्यांदा भरलं की ऑक्सिजन दीड टक्क्यावर येतो. मात्र सोडताना आधी पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद हवा, तेवढा वेळ सिस्टिम बंद असल्याची नोंद आणि आगीची राखण हवी. जनरेटरवर हेच काम पर्ज व्हेंटमधून हळूहळू, दहापंधरा दिवसांत होतं. पर्जमुळे दाब वरखाली होणार असेल तर तो २.८५ ते ३.१ याच पट्ट्यात व्हायला हवा; व्हेंट खालच्या मर्यादेवर बंद होतो का ते समोर उभं राहून बघा. एक कागदही शोधा: सिस्टिमचा हायड्रॉलिक हिशोब. नायट्रोजन आहे म्हणून त्यात पाइपाचा सी-फॅक्टर (पाइप आतून किती गुळगुळीत त्याचा आकडा) १०० ऐवजी १२० धरला असेल, तर ९८ टक्के राखणं ही डिझाइनची अटच झाली. उद्या जनरेटर बिघडला म्हणून वर्षभर साध्या हवेवर चालवणं मग चालणार नाही.

बर्फाचं म्हणाल तर दमट हवा जिथे पाइप गरम अँटीरूममधून (फ्रीझरबाहेरच्या खोलीतून) थंड खोलीत शिरतो तिथेच गोठते. आत बर्फाचा बूच बसला तर खोलीकडच्या वायूचा दाब व्हॉल्व्हपाशी कळतच नाही. गेज छान २.९ दाखवत राहतं. म्हणून वर्षातून एकदा तिथला काढता येणारा तुकडा सोडून टॉर्चने आत बघायचं. कोरड्या नायट्रोजनवर हे फार कमी होतं, पण तुमचा पाइप कितीतरी वर्षं कॉम्प्रेसरवर चालला आहे, जुना बर्फ आत असू शकतो. या वर्षी बघाच. आणि जानेवारी-जुलैच्या फॉर्म बीवर (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याच्या सहामाही दाखल्यावर) सही करणाऱ्या एजन्सीला तुमच्यासमोर ट्रिप टेस्ट करायला सांगा, किती दाबाला ट्रिप झाला तो आकडा लिहून घ्या. फ्रीझरमध्ये पाणी जाऊ न देता, नियंत्रण व्हॉल्व्ह जेमतेम उघडा ठेवून ती करता येते. तो आकडा १.४५ च्या आसपास आला तर वरचा सगळा हिशोब खरा ठरला.

शेवटचं, माणसांचं. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. ३ मीटर लांब-रुंद-उंच बंद खोलीत एक सिलिंडर, राखाडी अंगाचं काळ्या गळ्याचं, पूर्ण गळलं तर ऑक्सिजन २०.९ वरून १६ टक्क्यांवर येतो, १९.५ च्या खालीच धोका धरायचा असतो. पर्ज व्हेंटची नळी खोलीबाहेर काढा, ऑक्सिजनचा अलार्म दाराबाहेर वाजेल असा लावा, आणि रात्रपाळीच्या पोराला एकट्याला आत पाठवू नका.

रात्रीची तासातासाची वाचनं, पंप चालू असतानाचा पाण्याचा सर्वोच्च दाब आणि व्हॉल्व्हच्या पाटीवरचं मॉडेल एवढं कळवा. कॉम्प्रेसर रात्री बंद होतो की नाही तेही. त्यावरून लो अलार्मचा आकडा पक्का करून देतो.